दारातली पाटी

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. मास्कची सक्ती त्या दिवसापासून उठली. घरची गुढी उभारून दुकानात गेलो आणि दारावरची पाटी काढायला स्क्रू-ड्रायव्हर घेतला. चारपैकी तीन स्क्रू निघाले, चौथा गंजून बसलेला. पाटी एका कोपऱ्यावर तिरकी लोंबत राहिली. पुढचा आठवडाभर येणारा-जाणारा विचारायचा, "काय ओ डॉक्टर, नियम गेला का हाय?"

मी म्हणायचो, "अर्धा गेलाय."

तो अर्धा नियम कसा ठरला, ते सांगायचं तर दोन वर्षं मागं जावं लागतं.

सांगलीच्या बाजारात आमचं चष्म्याचं दुकान आहे. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी काढलेलं. मी डॉक्टर नाही. नंबर काढतो, चष्मे करतो. पण आमच्याकडे चष्मेवाल्याला गिऱ्हाईक डॉक्टरच म्हणतं, आणि दुरुस्त करून करून आम्हीही थकलो. पुढं काउंटर, भिंतींना फ्रेमा, मागं पडदा आणि पडद्याआड नंबर काढायची खोली. तक्ता खरं तर सहा मीटरवर पाहिजे. बाजारात एवढी लांब जागा कुणाकडे असते? म्हणून तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागं आणि ते समोरच्या आरशात बघतं, तीन मीटरमध्ये भागतं. खिडकी नाही. ट्रायल फ्रेममध्ये काच बदलताना माझं तोंड समोरच्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. 'दो गज दूरी' वगैरे आमच्या धंद्यात पहिल्याच काचेला संपते.

म्हणजे गल्लीत मास्कची सगळ्यात जास्त गरज आम्हाला. आणि मास्कचं ज्याच्याशी जन्माचं वैर, तो चष्माही आम्हीच विकणार.

पहिली पाटी आप्पांनी लिहिली. मे २०२० चा शेवट होता. दोन महिन्यांनी शटर उघडायचं तर कुलपात तेल घालावं लागलं. मार्चमध्ये कोरोनाच्या रुग्णांमुळं आमच्याच जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं नाव सगळ्या वाहिन्यांवर होतं, त्यामुळं जिल्ह्यात भीती लवकरच येऊन बसली होती. आप्पांनी कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं लिहिलं, 'कृपया मास्क लावून आत यावे. आपला नम्र,' आणि खाली सही. मी म्हटलं, सही कशाला? तर म्हणाले, "सरकारच्या पाटीवर सही नसते. आपल्या पाटीवर असावी."

मास्क म्हणजे तेव्हा ज्याचं त्याचं काहीही. उपरणं, पदर, रुमाल, ब्लाउजपीसमधून उरलेल्या कापडाचा शिवलेला. तासगावकडचे एक बागायतदार पाटी वाचून हसले. "डॉक्टर, द्राक्षाला फवारताना आयुष्यात तोंड बांधलं न्हाई, आता चष्म्यासाठी बांधू व्हय?" बांधलं मात्र त्यांनी. उपरण्याचं टोक दातात धरून सबंध तक्ता वाचला.

जूनमध्ये पाऊस लागला आणि खरा घोळ सुरू झाला. एकामागून एक माणसं येऊन सांगायला लागली की नंबर वाढलाय, धुरकट दिसतंय. आधी वाटलं, दोन महिने घरात बसून टीव्ही आणि मोबाइल बघितल्याचा परिणाम असेल. एका निवृत्त मास्तरांना दोनदा तपासलं, दोन वेळा वेगळं उत्तर आलं. शेवटी पाव नंबर वाढवून चष्मा करून दिला. चौथ्या दिवशी मास्तर परत. "आता घरी बरोबर दिसत नाही, बाजारात आलं की धुरकट ते धुरकटच." त्यांच्या समोर उभा राहून बघितलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मास्कच्या वरच्या कडेतून श्वासाची वाफ सरळ काचेवर जात होती. ऊन दमट हवा, गार काच, पाणी सुटणारच. मी वाफाळलेल्या काचेतून नंबर काढत बसलो होतो. काचा पदरमोड करून परत बदलून दिल्या. मास्तर म्हणाले, "मी पोरांना पाचवीला शिकवायचो हो हे, भांड्याला बाहेरून पाणी का सुटतं."

पुढं भांडण झालं. साधारण ऑगस्टमधली गोष्ट. चाळीशीचे गृहस्थ, मास्क हनुवटीवर, फोनवर बोलत आत आले. मी म्हटलं, मास्क वर घ्या. त्यांनी हातानं थांब म्हणून खूण केली. मी पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना ऐकू जावं म्हणूनच आवाज चढवला. गृहस्थांनी फोन बंद केला. "तुम्ही काय पोलीस लागून गेलाय का?" मग मीही बोललो. ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी आप्पांचं कॅलेंडर काढून मी अॅक्रिलिकची पाटी करून आणली: 'मास्क असल्याशिवाय आत येऊ नये.' कृपया नाही, नम्र नाही, सही नाही.

नकाशावर दुकान शोधलं की खाली तारे दिसतात. तिथं त्या आठवड्यात एक तारा पडला: गिऱ्हाइकाशी उद्धट वागणूक, मास्कवरून अपमान. महिन्याभरात दुसरा एक तारा पडला, वेगळ्याच माणसाचा: दुकानदाराचा स्वतःचा मास्क नाकाखाली होता, इथं जाऊ नका. मी दोन्हीला उत्तरं लिहिली, लांबलचक, मुद्देसूद. पाठवण्याआधी आप्पांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "दोघंही खरं बोलतायत. उत्तर काय देतोस?" पुसून टाकली.

आमची ऑर्डरची वही जुन्या पद्धतीची आहे. नाव, नंबर, फ्रेम, ॲडव्हान्स, बाकी आणि शेवटी 'शेरा'. शेऱ्यात एरवी 'डावी काडी सैल' किंवा 'शनिवारी मुलगा नेणार' असलं काहीतरी असतं. आप्पांनी सुचवलं की मास्कबद्दल जो काही बोलेल त्याचं बोलणं शेऱ्यात लिहीत जा, त्याच्याच शब्दांत. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मला वाटतं, माझं तोंड बंद राहावं म्हणून. लिहायला लागलं की माणूस भांडत नाही.

महिन्याभरानं एका रविवारी बायको बिलं जुळवायला बसली होती. वही चाळता चाळता म्हणाली, "यात मास्कबद्दल कुणी बोललेलंच नाहीये."

मी म्हटलं, सगळं त्याबद्दलच आहे.

तिनं वाचून दाखवलं. 'धुकं येतं, जिना उतरताना पायरी दिसत नाही.' 'कानातलं मशीन मास्कच्या दोरीबरोबर निघून पडतं.' 'दम लागतो, जिन्यावर काढतो.' 'पोरगं ओरडतं म्हणून लावलाय.' 'तुम्ही काय बोलता ते कळत नाही.' 'मास्क लावून फ्रेम कशी बघायची, चेहराच दिसत नाही.' 'भाजीवाला लावत नाही, मलाच का?' मास्कनं काही होत नाही किंवा मास्क लावलाच पाहिजे, असं रोखठोक मत असलेली माणसं सबंध महिन्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिनं त्यांच्यापुढं पेन्सिलीनं फुली मारली. "यांचं तू काही करू शकत नाहीस. पण या आजोबांच्या कानातलं मशीन पडतंय, त्याचं काहीतरी कर की."

मग तेच करत बसलो, पुढचे तीन-चार महिने. धुक्याचं सोपं होतं. भांडी घासायच्या साबणाचा थेंब पाण्यात, त्यात काच बुडवायची, झटकून वाऱ्यावर वाळवायची, पुसायची नाही. साबणाचा पातळ थर राहतो, त्यावर पाण्याचे कण धरत नाहीत. मास्कची तार नाकावर नीट दाबून चष्मा मास्कच्या वर बसवला की निम्मं काम होतं. त्यातही एक मेख निघाली. मास्कवर चष्मा टेकला की तो थोडा वर सरकतो, आणि प्रोग्रेसिव्ह काचेत, म्हणजे वर लांबचा आणि खाली वाचायचा नंबर असलेल्या एकाच काचेत, वाचायचा भाग भलतीकडे जातो. लोक मान खाली घालून लांबचं बघायला लागले. तेव्हापासून प्रोग्रेसिव्हचं माप मी आधी विचारून घ्यायला लागलो, दिवसातले किती तास मास्क असतो. शाळा-कॉलेजात शिकवणाऱ्यांचं वेगळं, घरी बसणाऱ्यांचं वेगळं.

कानाच्या मशीनवाल्यांसाठी बायकोनं शिवणाच्या डब्यातली बटणं काढली. पट्टीला दोन बटणं शिवायची, मास्कच्या दोऱ्या कानाऐवजी डोक्यामागं त्या बटणांना अडकवायच्या. वीसेक पट्ट्या झाल्या, फुकट वाटल्या. सॅनिटायझरचा धडा मात्र महागात पडला. लोकांनी हातावरचा सॅनिटायझर काचेलाही चोळला आणि कोटिंग उडालं, काही फ्रेमांना पांढरे डाग आले. त्याची तक्रारही आमच्याकडेच. दुकानातल्या हाताळलेल्या फ्रेमा मग आम्ही वेगळ्या ट्रेमध्ये टाकून रात्री साबणाच्या पाण्यानं धुवायला लागलो.

आरशाचं एका मुलीनं सुचवलं. लग्न ठरलेलं, फ्रेम घ्यायची आणि मास्क काढायचा नाही म्हटल्यावर वैतागली. "काका, आरसा आत कशाला पाहिजे? दारात लावा ना. मी बाहेर पायरीवर उभी राहून बघते, तुम्ही आत थांबा." इतकं साधं, आणि आम्हाला सुचलं नव्हतं. आरसा दारालगत उघड्यावर आला. दोन मिनिटं मास्क काढायचा, चार फ्रेमा लावून बघायच्या, परत लावून आत यायचं. मास्क लावूनच निवडलेल्या फ्रेमा 'शोभत नाही' म्हणून परत यायच्या, ते थांबलं.

आणि आज्जी. हरिपूरच्या. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन वापरत नाहीत. इतकी वर्षं माझ्या ओठांकडं बघून बोलणं समजून घ्यायच्या, हे मला मास्क आल्यावर कळलं. मी विचारायचो, "ही काच बरी की ही?" आणि त्या नुसत्या बघत राहायच्या. मोठ्यानं बोललं की आणखी गोंधळायच्या. शेवटी चिडून म्हणाल्या, "तोंडावरचं काढ रे, बघू तर दे काय म्हणतोस." मी काढणार नव्हतो, त्या सत्तरी ओलांडलेल्या आणि खोलीला खिडकी नाही. लेकीची जुनी दगडी पाटी माळ्यावर होती, ती आणली. पाटीवर खडूनं मोठं '१' आणि '२' काढून बोट ठेवायला लागलो. आज्जींना शाळेतल्यासारखं वाटून हसू फुटलं. त्या दिवशी शेऱ्यात आप्पांनी स्वतः लिहिलं, 'पाटीवर नंबर काढला.'

या सगळ्यात दारावरच्या पाटीखाली आणखी एक कागद लागला: 'मास्कमुळे चष्म्यावर धुकं येतंय? आत सांगा, उपाय आहे.' गंमत म्हणजे वरच्या हुकमापेक्षा या कागदानं जास्त माणसं मास्क लावून आत आली. उपाय पाहिजे तर मास्क लागणारच होता.

२०२१ चा एप्रिल-मे मी पटकन सांगून टाकतो. आप्पा आणि मी दोघंही आजारी पडलो. मी घरातच बरा झालो, आप्पा मिरजेला अकरा दिवस होते, ऑक्सिजनवर. परत आले. दुकान जूनपर्यंत उघडलंच नाही. जुलैत कृष्णेचं पाणी बाजारात शिरलं, तेव्हा मास्क-बिस्क कुणाच्या ध्यानात नव्हतं; पण पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना सबंध गल्लीनं न सांगता तोंडाला फडकी बांधली होती. त्या वासावर कुणाचंच दुमत नव्हतं.

पुरानंतर दुकान लागलं तेव्हा ते गृहस्थ आले. पोलीस लागून गेलाय का म्हणणारे. तोंडावर दोन मास्क. खिशातून एक चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "भावाचा आहे. फ्रेम चांगली आहे. माझ्या नंबरच्या काचा बसतील का यात?" बसत होत्या. त्यांचा नंबर काढला, बाकी काही बोलणं झालं नाही. त्या ओळीपुढं शेऱ्याचा रकाना मोकळा आहे.

२७ नोव्हेंबर २०२१ ला नवा आदेश आला आणि दुकानदारांची झोप उडाली. मास्क नसलेल्याला ५०० रुपये दंड होताच. आता तो माणूस दुकानात सापडला तर दुकानाला दहा हजार, आणि दुकानानंच नियम मोडले तर पन्नास हजार. शिवाय रुमाल म्हणजे मास्क नव्हे, हे स्पष्ट लिहिलेलं. आमच्याकडे खेड्यावरून येणारं निम्मं गिऱ्हाईक उपरण्यावालं. आता त्यांना मी काय सांगू, की दीड वर्ष चाललं ते आता चालत नाही?

तीन पदरी मास्कचा दर सरकारनं ऑक्टोबर २०२० मध्येच चार रुपये ठरवून दिला होता, म्हणून डबाच आणून दारात ठेवला. इथंही शेरे आलेच. 'फुकट नको, आम्ही काय भिकारी?' म्हणून डब्याशेजारी वाटी ठेवली, पाहिजे तर पैसे टाका. 'मास्कचेही पैसे घेता?' म्हणून वाटी उचलली. मग वाटी डब्याच्या मागं, अर्धवट दिसेल अशी ठेवली. ते सगळ्यांना चाललं. एका पैलवानानं गळ्यातलं उपरणं माझ्यापुढं धरून पदर मोजून दाखवले, "तीन नव्हं, चार हायत." मी म्हटलं, "माझं मत तुमच्याच बाजूचं आहे, पण दहा हजार माझे जातील." तो निमूटपणे डब्यातला मास्क घेऊन वर उपरणं बांधून बसला.

एक वाक्य त्या काळात मी रोज वापरलं: नियम सरकारचा आहे, माझा नाही. फार सोयीचं वाक्य. समोरचा चिडला तरी माझ्यावर चिडत नाही, आणि मला स्वतःला काय वाटतं ते सांगायची वेळ येत नाही. पाडव्याला सक्ती उठली, तेव्हा पाटीबरोबर हे वाक्यही गेलं. आता आत मास्क लावा म्हणायचं तर ते मीच म्हणतोय.

म्हणून पाटी लोंबत असलेल्या त्या आठवड्यात पुन्हा वही काढली. या वेळी मत विचारलं नाही. एवढंच विचारलं: "आत खोलीत मी मास्क लावला तर तुम्हाला चालेल का? आणि तुम्ही लावाल का?" पहिल्याला जवळजवळ सगळे 'चालेल' म्हणाले, काहींनी 'तुमची मर्जी' म्हटलं. दुसऱ्याला बहुतेकांनी सरळ 'नाही' सांगितलं. पुरे झालं आता, हाच सूर. एक तरुण म्हणाला, "डॉक्टर, दोन वर्षांनी तुमचं तोंड बघितलं, मला वाटलं नवीन माणूस ठेवला."

मोजणीवर जायचं तर तिथंच निकाल लागला होता. पण त्याच आठवड्यात एक बाई आल्या. त्यांच्या आईची मिरजेत केमो चालू होती, वाचायचा चष्मा तुटला होता. दारातूनच त्यांनी विचारलं, "आत किती जण असतात? मास्क लावतात का?" मी म्हटलं, आता सक्ती नाही. त्या "बरं" म्हणाल्या आणि वळल्या. रागावल्या नाहीत, वाद घातला नाही. कुठलाही शेरा न देता चालल्या होत्या. मी पायरी उतरून मागं गेलो आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला, दुकान उघडायच्या आधी, आईला घेऊन यायला सांगितलं.

असा तो अर्धा नियम ठरला. काउंटरवर ज्याची त्याची मर्जी. आत खोलीत मी मास्क लावणार, गिऱ्हाइकाला सक्ती नाही. सर्दी-खोकला असेल तर दुसरा दिवस घ्या, ॲडव्हान्स बुडत नाही. आणि ज्यांना गर्दी चालत नाही त्यांनी फोन करा, साडेनऊची वेळ तुमची. खोलीच्या भिंतीला भोक पाडून एक्झॉस्ट पंखा बसवला, जो खरं म्हणजे २०२० मध्येच बसवायला हवा होता. दोन वर्षं पाट्या लिहीत बसलो, पंख्याचं सुचलं नाही.

जूनमध्ये परत थोडी गडबड झाली. आरोग्य खात्याच्या पत्रात मास्क 'मस्ट' असा शब्द आला आणि लगेच मंत्री राजेश टोपे यांनी खुलासा केला की याचा अर्थ सक्ती असा घेऊ नये, आवाहन आहे. आमच्याकडे येणारे एक वकील काउंटरवर टेकून पोटभर हसले. "तीस वर्षं वकिली केली, 'मस्ट'चा हा अर्थ पक्षकाराच्या बाजूनं एकदाही सुचला नाही मला." मी त्यांना आमचा अर्धा नियम सांगितला. म्हणाले, "हा कोर्टात टिकणार नाही." आत जाताना मात्र डब्यातला मास्क घेतला.

पाटीचा चौथा स्क्रू शेवटी सुताराकडून कापून घ्यावा लागला. अॅक्रिलिक चांगलं होतं, टाकवेना. मागच्या बाजूवर साडेनऊच्या वेळेचं लिहून तीच परत लावली. आप्पांनी 'कृपया' घालायला लावलं आणि खाली सही केली.

दिवाळीच्या आधी हरिपूरच्या आज्जी आल्या, नातवाबरोबर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, नवा नंबर काढायचा होता. त्यांना खुर्चीत बसवलं. म्हटलं, आता आज्जींसाठी तरी तोंड दिसू दे. पंखा चालू केला, मास्क काढला, समोर बसून हसलो आणि विचारलं, "ही बरी की ही?"

आज्जींनी माझ्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं.

"तोंड उघडं ठेवूनही तोंडातल्या तोंडातच बोलतोस. ती पाटी आण बघू."

आणली.